पाण्यावर पालथं पडण्याची पहिली स्पर्धा

नवरा जर्मनीला गेला त्या वर्षी माझं घरात बूड टेकत नसे. त्याच्या कंपनीने त्याला वर्षभरासाठी पाठवलं होतं आणि सहकारनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि सासूबाई अशा दोघीच उरलो होतो. दिवस बरा जायचा. हिंजवडीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करत असे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये वाकडच्या पुलाखाली अडकून बसायचं. घरी पोचलं की मात्र काही सुचत नसे. टीव्ही लावायचा, बंद करायचा. कपाट उघडून उभं राहायचं आणि कशासाठी उघडलं ते आठवत नाही म्हणून परत लावायचं. भाजी निम्मी चिरून गॅलरीत जायचं, तिथून खोलीत, खोलीतून परत ओट्याशी.

सासूबाई सोफ्यावर पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसलेल्या असायच्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. वाढल्या खडकीत. तेव्हा मुळेच्या पाण्यात उतरता येत असे आणि वडिलांनी त्यांना नदीतच पोहायला शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या रोज सकाळी बायकांच्या बॅचला टँकवर जात. आमच्याकडे स्विमिंग पूल कुणी म्हणत नाही, टँकच म्हणतात. एका संध्याकाळी मी खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत असं करत असताना त्यांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "फेऱ्याच मारायच्या असतील तर पाण्यात मार. इथली फरशी झिजते."

म्हणून मी शनिवारी-रविवारी त्यांच्याबरोबर टँकवर जाऊ लागले, तेव्हा बायकांची वेगळी बॅच नसे. एका शाळेच्या मागे असलेला जुना टँक, निळ्या फरश्या काही ठिकाणी पांढऱ्या पडलेल्या. मला पोहता येत होतं, पण ते पोहणं म्हणजे भांडणच असायचं. हात मारायचे, पलीकडच्या भिंतीला लाथ घालायची, परत यायचं. बाहेर आल्यावर जेवढी बेचैन गेले होते तेवढीच बेचैन निघायची, फक्त दमलेली.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मला उथळ टोकाला ती माणसं दिसली. चार जण पाण्यावर पालथे पडले होते. हात सैल सुटलेले, पाठी पाण्याबाहेर, तोंडं पाण्यात, आणि कुणीही हलत नव्हतं. मी थांबून बघत राहिले. पुरेसा वेळ गेला असं वाटल्यावर घाबरून काठावरच्या जीवरक्षकाला हाक मारली. तो खुर्चीवर बसून मोबाइल बघत होता. म्हणाला, "त्यांचं रोजचंय. मेले तर कळवतील."

तेवढ्यात त्यातला एक वर आला. सावकाश गॉगल काढला, दोन-तीन श्वास घेतले आणि माझ्याकडे बघून हसला. बारीक अंगाचा, चाळिशीतला हा माणूस व्यवसायाने आर्किटेक्ट होता. बाकीचे तिघं त्याला सर म्हणत, पुढे मीही म्हणू लागले. कुठल्याशा बेटावर सुट्टीला म्हणून गेला होता आणि तिथे सिलिंडर वगैरे काही न लावता एका श्वासात खोल बुडी मारायला शिकून आला होता. या खेळाला फ्रीडायव्हिंग म्हणतात हे मला त्याच्याकडून कळलं. समुद्रात खोल जाण्याच्या स्पर्धा असतात तशा टँकमधल्याही असतात. एकीत पाण्याखालून आडवं अंतर कापायचं, दुसरीत नुसतं पालथं पडून कोण जास्त वेळ श्वास रोखतो ते बघायचं. देशात हे करणारे तेव्हा अगदी थोडे होते. पुण्यात हे चौघं, त्यातला एक लग्न ठरल्यामुळे सुटायच्या बेतात.

समुद्र नसलेल्या गावात हे कशाला, असं मी विचारलं. सर म्हणाले, समुद्राला रजा काढून जावं लागतं, टँकवर रिक्षाने येता येतं.

मला त्यांनी तिथल्या तिथे करून बघायला सांगितलं. आधी काठाला धरून निवांत श्वास घ्यायचे, मग एक मोठा श्वास भरून तोंड पाण्यात घालायचं. मी घातलं. लगेच डोक्यात सगळं सुरू झालं. गॅस बंद केला होता का. ऑफिसात शुक्रवारी बंद केलेली तक्रार परत उघडली गेली असेल का. नवरा काल फोनवर 'बरं' म्हणाला ते नेहमीसारखं होतं की तुटक. मग पोटात एक हिसका बसला आणि मी धडपडत वर आले. एक मिनिटही झालं नव्हतं. आमचा कुकर माझ्यापेक्षा जास्त वेळ दम धरतो.

पण त्या वेळात मध्येच कुठेतरी, तो हिसका बसायच्या जरासं आधी, डोक्यातलं सगळं बंद पडलं होतं. किती वेळ ते सांगता येणार नाही. फार थोडा. कित्येक महिन्यांत तसं झालं नव्हतं. पुढच्या रविवारी मी पोहण्याच्या फेऱ्या न मारता सरळ उथळ टोकाला गेले.

त्या हिवाळ्यात मी बरंच काही शिकले. पोटातले हिसके म्हणजे हवा संपल्याची खूण नव्हे, आतली वापरलेली हवा बाहेर टाक म्हणून शरीर केकाटत असतं, हे शिकले. ते हिसके येऊ द्यायचे, त्यांच्याशी भांडायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे हे एकट्याने कधीही करायचं नाही. शेजारी जोडीदार उभा असलाच पाहिजे. तो ठरावीक वेळाने तुमच्या खांद्यावर बोट टेकवतो, तुम्ही एक बोट उचलून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर तो परत बोट टेकवतो, तरीही आलं नाही तर तो तुम्हाला उचलतो. सर हे इतक्या वेळा सांगत की मला ते बसमध्ये ऐकू यायचं.

टँकच्या व्यवस्थापकांना आमचं प्रकरण पसंत नव्हतं. ते निवृत्त मास्तर होते. पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या आया त्यांच्याकडे तक्रार घेऊन जात, की उथळ टोकाला माणसं मेल्यासारखी पडलेली असतात आणि मुलं घाबरून पाण्यात उतरत नाहीत. एका रविवारी आम्ही गेलो तर भिंतीवर नवी पाटी होती. 'पाण्यात पालथे पडून राहू नये. राहणे अत्यावश्यक असल्यास जीवरक्षकास आधी सांगून पडावे.' आम्हाला वाटलं आता संपलं. सर मात्र पाटी दोनदा वाचून खूश झाले. म्हणाले, ही परवानगी आहे, लेखी.

याच सुमारास नवऱ्याचं वर्ष वाढलं. आधी सहा महिने, मग काम पुढे चालू राहील तितकं. त्याने फोनवर सांगितलं की त्याला तिथे राहावंसं वाटतंय आणि मीही यावं. मला जमेल असं काम तिथे मिळेल, त्याने चौकशीही केली होती. मी 'बघते' म्हणाले. पुढच्या रविवारी त्याने परत विचारलं, मी परत 'बघते' म्हणाले. तिसऱ्या रविवारी मी म्हणाले की आई इथे एकट्या पडतील. त्याने तिथल्या थंडीचं काढलं. ते म्हटलं की विषय संपतो, हे मला माहीत होतं.

खरं सांगायचं तर मला जायचंय की नाही हेच मला कळत नव्हतं. सकाळी बसमध्ये वाटे, जावं. उठावं, बॅग भरावी, या पुलाखालून कायमचं सुटावं. संध्याकाळी घराच्या दाराला किल्ली लावताना वाटे, इथून मला कुणी हलवू नये. रात्री दोन्ही एकदम वाटे आणि झोप लागत नसे. या सगळ्यात एकच गोष्ट सरळ पुढे जात होती, ती म्हणजे माझी श्वास रोखण्याची वेळ. ती दर आठवड्याला वाढत होती. दोन मिनिटांच्या पुढे गेले, मग तीनच्या. आकडा वाढला की वाटे, काहीतरी ठरतंय.

मग एका रविवारी नको ते झालं. सरांनी बोट टेकवलं, मी बोट उचललं. परत टेकवलं, परत उचललं. हिसके जोरात येत होते, पण मी ठरवलं होतं की आज थांबायचं नाही. खालच्या फरशीच्या रेघा दिसत होत्या, त्या एकमेकींजवळ आल्या. एवढंच आठवतं. त्यानंतर एकदम सरांचा चेहरा होता, अगदी जवळ, आणि ते माझ्या गालावर थापट्या मारत सांगत होते, "श्वास घे. घे श्वास." मला वाटलं मी झोपले होते आणि हे मला कामावर जायला उठवतायत. काही सेकंदांचा मामला. त्यांनी वेळेवर उचललं होतं आणि मला काही झालं नाही. पण त्यांच्या खांद्यावरून मला पलीकडच्या शिडीपाशी सासूबाई दिसल्या. आपलं पोहणं संपवून त्या निघाल्या होत्या. डोक्याला रबरी टोपी, एक पाय पाण्यात, एक पायरीवर, दोन्ही हातांनी शिडीचे दांडे घट्ट धरलेले.

सरांनी त्या दिवसाचा सराव बंद केला आणि पुढचे काही आठवडे मला पाण्यात तोंड घालायचं नाही म्हणून सांगितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नंतर बऱ्याच दिवसांनी ते म्हणाले की त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती.

रिक्षात सासूबाई ओल्या टॉवेलची घडी घालत बसल्या. घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला. मी ओट्याला टेकून उभी होते आणि मनात उत्तरं तयार करत होते, कारण आता त्या 'हे बंद कर' म्हणणार होत्या आणि मग मी काय करणार होते कोण जाणे. चहा गाळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या सरांना विचार, म्हाताऱ्या बायकांना शिकवतात का."

मी विचारलं, "कशासाठी, आई?"

"तू थांबणार नाहीस, हे दिसतंय मला. तर मग शेजारी मी उभी राहीन."

सरांनी आढेवेढे घेतले. आधी डॉक्टरांना दाखवून या म्हणाले. सासूबाई दाखवून आल्या. डॉक्टरांनी छाती तपासून, कागद बघून हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. मग सरांनी त्यांना नियम समजावले. जोडीदार व्हायचं तर आधी स्वतः करून बघावं लागतं, पाण्यातल्या माणसाला आत काय होतं हे ठाऊक पाहिजे. "पन्नास वर्षं पोहले," सासूबाई म्हणाल्या, "आता बुडायला शिकते." आणि टोपी सारखी करून पालथ्या पडल्या.

त्यांना हे जमायचं. फार मोठे आकडे नव्हते, पण त्या पडल्या की पडल्या. वर येताना धडपड नाही, धापा नाहीत. मी एकदा विचारलं, आत तुम्ही काय करता. म्हणाल्या, काही नाही. तरुणपणी ट्रंक कॉल लागायची वाट बघत तासन् तास बसायची सवय आहे, लाइन लागली की लागली. मला त्यांचा हेवा वाटायचा आणि थोडा रागही यायचा. पण माझा सराव परत सुरू झाल्यावर शेजारी त्याच असायच्या, कमरेएवढ्या पाण्यात, सरांचं घड्याळ हातात धरून. त्या बोट टेकवत, मी बोट उचलत असे. माझी वेळ आधीपेक्षा कमीच ठेवली होती सरांनी.

नवऱ्याला यातलं आम्ही काही सांगितलं नाही. दोघींनीही. ठरवून नव्हे, पण फोनवर 'काय चाललंय' विचारलं की त्याही 'नेहमीचंच' म्हणत आणि मीही.

थंडी सरता सरता सरांनी स्पर्धेचं मनावर घेतलं. आपल्याकडे कुणी करत नाही तर आपण करू, असा त्यांचा साधा हिशोब होता. मुंबईहून चौघं येणार होते, नाशिकहून दोन आणि कोल्हापूरहून एक. पंच चेन्नईहून येणार होत्या. परीक्षा देऊन रीतसर पंच झालेली बाई आपल्याकडे तेव्हा शोधावी लागे. पुरुष पुरेसे होते. बायकांचा गट करायचा तर किमान तिघी हव्यात, असं सरांनी नियमात लिहून ठेवलं होतं आणि आता स्वतःच त्यात अडकले होते. मी होते आणि मुंबईची एक डॉक्टर मुलगी होती. सरांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी माझ्याकडे.

"मला बक्षीस-बिक्षीस काही नको," त्या म्हणाल्या. "पण एका खुर्चीवाचून अडलंय तर बसते."

स्पर्धेच्या रविवारी आम्ही उजाडायच्या बेतात टँकवर पोचलो. व्यवस्थापक आमच्या आधी आलेले. इतक्या दिवसांचा विरोध त्यांनी कुठे ठेवला होता कुणास ठाऊक. इस्त्रीचा शर्ट, हातात शाळेतून आणलेला माइक. काठावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून त्यांनी घोषणाही करून टाकली. "स्पर्धा सुरू होत आहे. प्रेक्षकांनी शांतता राखावी. बघण्यासारखे काही नाही." प्रेक्षक म्हणजे स्पर्धकांचे नातेवाईक आणि चुकून पोहायला आलेली काही माणसं.

पंचबाईंनी सगळ्यांना नियम सांगितले. श्वास रोखून झाल्यावर वर आलं की ठरावीक सेकंदांच्या आत तीन गोष्टी करायच्या. तोंडावरचा गॉगल काढायचा, हाताने खूण करायची आणि 'आय ॲम ओके' म्हणायचं. माणूस शुद्धीवर आहे, भानावर आहे, एवढंच त्यातून बघायचं असतं. तिन्ही नीट झालं तर पांढरं कार्ड, नाहीतर लाल. लाल मिळालं की वेळ कितीही असो, बाद.

पुरुषांचं आधी झालं. सरांची वेळ सगळ्यात चांगली आली. एका नाशिककराला लाल कार्ड मिळालं. तो गॉगल न काढता हसत बसला.

माझा नंबर आला. पाण्यात गारठा होता. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी काठाला धरून श्वास घेत होते आणि नेहमीसारखं डोकं भरत होतं. आदल्या रात्री नवऱ्याचा निरोप आला होता, की त्याने तिथलं भाड्याचं मोठं घर बघितलंय, दोघांना पुरेल असं, हो की नाही ते या आठवड्यात कळव. मी उत्तर दिलं नव्हतं. वाटत होतं, आज सगळ्यात जास्त वेळ राहिले तर वर आल्यावर उत्तर तयार असेल. असं का वाटत होतं ते सांगता येत नाही. वाटत होतं एवढं खरं.

श्वास भरला, तोंड घातलं. सुरुवातीचं नीट गेलं. हिसके सुरू झाले. खांद्यावर सासूबाईंचं बोट टेकलं, मी बोट उचललं. परत टेकलं. आणि या वेळी ते लगेच उचललं गेलं नाही, जरासं माझ्या खांद्यावर राहिलं. ते थरथरत होतं. थंडीने कापतात तसं नव्हे. मला पहिल्यांदा लक्षात आलं की ही बाई इतके दिवस माझ्याशेजारी उभी आहे ती घाबरलेली उभी आहे. प्रत्येक वेळी. मी आत डोकं घालून माझी उत्तरं शोधत असते तेव्हा ती वर उभी राहून माझ्या एका बोटाची वाट बघत असते.

माझ्यात अजून बराच दम होता. तरी मी वर आले. गॉगल काढला, खूण केली, आय ॲम ओके म्हणाले. पंचबाईंनी पांढरं कार्ड दाखवलं. सरावापेक्षा कितीतरी कमी वेळ झाला होता.

सासूबाई म्हणाल्या, "इतक्यात का आलीस?"

मी म्हणाले, "बास झालं."

डॉक्टर मुलीने माझ्याहून बरीच जास्त वेळ काढली. मग सासूबाईंची पाळी आली आणि आता त्यांच्याशेजारी मी उभी राहिले. त्या पालथ्या पडल्या. पाण्यावर त्यांची रबरी टोपी, पोहण्याच्या कपड्यातली अरुंद पाठ, मानेवर सुटलेल्या दोन पांढऱ्या बटा. मी बोट टेकवलं, त्यांनी बोट उचललं. थोड्या वेळाने परत टेकवलं. उत्तर आलं नाही. मग अगदी सावकाश आलं, दुपारच्या झोपेतून उठवल्यावर माणूस कूस बदलतो तसं.  मी सरांकडे बघितलं, त्यांनी मानेनेच सांगितलं, ठीक आहे. पण मला उभं राहवेना. पाय पाण्यात जागच्या जागी हलत होते. घड्याळातला काटा चालतोय की नाही अशी शंका यायला लागली. शेवटी मी नको तितक्या लवकर लवकर बोट टेकवायला लागले, आणि त्या वर आल्या. नंतर म्हणाल्या की अजून राहिले असते, पण दारावर कुणीतरी सारखं टकटक करत होतं.

वर येऊन त्यांनी सावकाश गॉगल काढला. खूण केली. पंचबाईंकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरी आहे मी."

पंचबाई वाट बघत राहिल्या. मी म्हणाले, "आई, इंग्लिशमध्ये म्हणा."

"कळलं की तिला."

"आई, म्हणा लवकर, आय ॲम ओके."

"अगं पण आहेच मी बरी. दिसतंय ना."

सेकंद संपले. लाल कार्ड वर गेलं. पंचबाईंनी पुढे येऊन हळू आवाजात समजावलं की शब्द नियमात ठरलेले आहेत, त्यांना बदल करता येत नाही, त्यांना वाईट वाटतंय. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, टॉवेल गुंडाळला आणि खुर्चीवर बसल्या. लाल कार्ड आहे म्हणजे आता मला शेवटी नेऊन बसवणार का, असं त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, नाही, तुम्हाला मोजणारच नाहीत. "मग उत्तम," त्या म्हणाल्या. त्यामुळे मी दुसरी आले. दोघींत दुसरी.

घरी जायच्या आधी आम्ही कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये चहाला थांबलो. दोघींचे केस ओले, बोटं सुरकुतलेली. तिथल्या बाकड्यावर मी त्यांना म्हणाले की मला तुमचं बोट थरथरताना कळलं.

त्यांनी बशीत चहा ओतला. मग म्हणाल्या, "तू शुद्ध हरपून पाण्यात लोंबकळत होतीस ना, ते मी बघितलंय. त्या दिवसापासून मला भीती वाटते. दर रविवारी वाटते."

"मग येता कशाला?"

"घरी बसून जास्त वाटेल."

त्यांनी बशी उचलून एक घोट घेतला. नंतर त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तो मला सांगतो सगळं. घर बघितलंय, तेही सांगितलं. तुला जायचं तर जा, राहायचं तर राहा. पण आई एकट्या पडतील, असं त्याला परत सांगू नकोस. मी एकटी आहे की नाही ते माझं मी बघेन."

मला ओशाळल्यासारखं झालं, सुटल्यासारखंही झालं. मग म्हणाले की मला खरंच कळत नाही, आई. जावंसं वाटतं आणि निघावंसं वाटत नाही. त्या म्हणाल्या, "मग तसंच सांग त्याला. 'बघते' हे काय उत्तर आहे."

त्या दुपारी मी नवऱ्याला फोन केला आणि तसंच सांगितलं. स्पर्धेचंही सांगितलं, शुद्ध हरपल्याचंही. तो चिडला. आधी माझ्यावर, मग आईवर, मग कुणीच काही सांगत नाही म्हणून सगळ्यांवर. आम्ही खूप वेळ भांडलो, फोन ठेवला, परत लावला. सासूबाई आतल्या खोलीत रेडिओ मोठा करून बसल्या होत्या. शेवटी असं ठरलं की मी जाऊन राहून बघायचं. कायमचं म्हणून नव्हे आणि पाहुणी म्हणूनही नव्हे. उन्हाळा सुरू होता होता मी गेले. पुढे आम्ही दोघंही पुण्याला परतलो, पण ते एकदम नाही आणि सरळही नाही. त्यात बरीच जा-ये झाली, बरेच अबोले झाले.

तिथल्या शहरात टँक होता, स्वच्छ, उबदार. श्वास रोखणाऱ्यांचा एक गटही होता. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी यायचे, नीट सराव करायचे आणि आपापल्या सायकलींवरून निघून जायचे. मीही गेले काही वेळा. शेजारी उभी राहणारी बाई नेमाने खांद्यावर बोट टेकवायची, मी बोट उचलायचे. चुकीचं काहीच नव्हतं. तरी माझे आकडे घसरत गेले आणि मी जायचं सोडलं.

सासूबाई मात्र दर रविवारी टँकवर जात राहिल्या. फोनवर बातम्या द्यायच्या, तारेसारख्या तोडून. दोन नवीन आले. एक सोडून गेला. एकाचे कान दुखतात. सरांचं वजन वाढलंय. दुसऱ्या वर्षी परत स्पर्धा ठरली तेव्हा त्यांनी भाग घेतला नाही. सरांनी त्यांना स्पर्धकांच्या शेजारी उभं राहणाऱ्यांत घेतलं होतं. आपलं कुणी नसलेल्या माणसाला जोडीदार म्हणून त्या.

त्या सकाळी व्हिडिओ कॉल लावून कुणीतरी मोबाइल खुर्चीवर ठेवला. आमच्याकडे जर्मनीत अजून पहाट होती. नवरा झोपलेला, मी स्वयंपाकघरात. चित्रात टँकचा एक कोपरा, माइकवरचा खरखरता आवाज, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभ्या सासूबाई. समोर एक मुलगी पालथी पडलेली. त्यांनी बोट टेकवण्यासाठी हात पुढे केला आणि चित्र तिथेच गोठलं. हात तसाच पुढे. मी कॉल तोडून परत लावला, लागेना. सरांना लावला, उचलेनात. मी ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत चालत राहिले. बाहेर पहिली ट्राम गेली, चहा उतू गेला, मी तो पुसला नाही.

बऱ्याच वेळाने मोबाइलवर सासूबाईंचा निरोप आला. मराठीत, एका ओळीत. "झालं. सगळे वर आले."

मी लगेच फोन लावला. त्यांनी उचलला नाही. खुर्च्या आवरत असतील.